१९८२चा अर्ज, २०२५चा अर्जुन

१७ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रपती भवनात द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पॅरा-जलतरणपटू मुरलीकांत राजाराम पेटकर यांना अर्जुन पुरस्कार मिळाला आणि थेरगाव-चिंचवडपासून त्यांच्या मूळच्या सांगली जिल्ह्यापर्यंत लोकांना आनंद झाला. तो व्हायलाच हवा होता. त्या आनंदाबरोबर जी मते कानावर आली, त्यांच्याशी मात्र माझा वाद आहे. ‘उशिरा का होईना, न्याय मिळाला, आता जुने उकरू नका’ हे पहिले मत. ‘सिनेमा आला म्हणून सरकारला आठवण झाली, एरवी अशा पदकांना कोण विचारतो’ हे दुसरे. तिसरे मत जरा विचारी मंडळींचे आहे आणि त्याची दखल नीट घ्यायला हवी. खेळाचा पुरस्कार खेळातल्या कामगिरीला द्यावा, समान हक्कासाठी कोण झगडले याचा हिशेब त्यात आणू नये, नाहीतर पुरस्काराचे मोल उतरते, असे ही मंडळी म्हणतात. तिन्ही मते वरवर वेगळी दिसली तरी त्यांच्या मुळाशी समजूत एकच आहे. १९७२ साली पेटकर पाण्यात जे करून आले तो खेळ, आणि त्यानंतर बरोबरीच्या मानासाठी त्यांनी जो आग्रह धरला ती त्यांची खासगी खंत, अशी ती समजूत. माझे म्हणणे नेमके उलट आहे. तो आग्रह हा त्यांच्या क्रीडाजीवनाचा पदकाइतकाच भरीव भाग आहे. देशाने पुरस्कार देताना तो नाव घेऊन गौरवायला हवा होता, आणि पुढच्या पुरस्कारांच्या नियमांत अशा आग्रहाला हक्काची जागा मिळायला हवी.

आधी हकीकत, कारण त्यांच्यावरचा ‘चंदू चॅम्पियन’ हा सिनेमा पाहिलेल्या अनेकांच्या मनात सिनेमातले प्रसंग आणि प्रत्यक्षातल्या घटना यांची सरमिसळ झाली आहे. पेटकर लष्कराच्या ईएमई दलात होते आणि मुष्टियोद्धे होते. १९६४ साली टोकियोला झालेल्या सैन्यदलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ते ठोसेबाजीच्या रिंगणात उतरले होते. १९६५च्या युद्धात त्यांना नऊ गोळ्या लागल्या, एक गोळी मणक्यात राहिली आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. मुंबईच्या अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयात उपचारांचा भाग म्हणून त्यांना पोहण्याचा सल्ला मिळाला. त्यांनी त्या उपचाराचाच खेळ केला. माजी कसोटीपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेने हात दिला आणि १९६८ साली ते तेल अवीवच्या पॅरालिंपिकमध्ये टेबल टेनिस खेळले. चार वर्षांनी, ऑगस्ट १९७२मध्ये, हायडेलबर्गला त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ३७.३३ सेकंदांत सुवर्णपदक जिंकले. तो त्या गटातला विश्वविक्रम होता. ऑलिंपिक आणि पॅरालिंपिक दोन्ही धरले तर भारताचे ते पहिले वैयक्तिक सुवर्णपदक. अभिनव बिंद्राने बीजिंगला सुवर्ण जिंकले ते २००८ साली, म्हणजे ३६ वर्षांनी.

या ३७.३३ सेकंदांकडे जरा जवळून पाहायला हवे, कारण ‘अशा पदकांना कोण विचारतो’ या मताचे उत्तर तिथेच सापडते. फ्रीस्टाइल पोहणारा धडधाकट माणूस पायांच्या माऱ्याने दोन गोष्टी साधतो. थोडी गती मिळवतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कंबर आणि पाय पाण्याच्या पृष्ठभागाशी धरून ठेवतो, म्हणजे शरीर सरळ रेषेत राहते आणि पाणी कमी अडवते. कमरेखाली हालचाल नसलेल्या माणसाचे पाय खाली जातात. ते खाली गेले की छातीही तिरपी होते आणि अंग पाणी कापण्याऐवजी पाणी ढकलू लागते. पहिल्या मीटरपासून शेवटच्या मीटरपर्यंत ते ओझे मागे ओढायचे असते, आणि ओढायला असतात फक्त खांदे आणि हात. हात पाण्यात शिरला की अंग दुसऱ्या बाजूला कलंडते, तो तोल एरवी पाय सावरतात. इथे तोही पोट-पाठीच्या वरच्या स्नायूंनीच सावरायचा. श्वासासाठी मान वळवली की पुन्हा तोल. मुष्टियोद्ध्याचे खांदे असले तरी हे तंत्र आयते मिळत नाही, ते वर्षानुवर्षे पाण्यात राहून कमवावे लागते. याला खेळ म्हणायचे नसेल तर जलतरणातल्या कोणत्या गोष्टीला खेळ म्हणायचे, हे आक्षेप घेणाऱ्यांनी सांगावे.

आता १९८२. पेटकर मुलाखतींतून सांगत आले आहेत की त्या वर्षी त्यांनी अर्जुन पुरस्कारासाठी अर्ज केला आणि अपंग असल्याच्या कारणाने तो नाकारला गेला. या प्रसंगावर पडदा टाकून पुढे जाण्याची घाई अनेकांना आहे. मला मात्र तिथे थांबायचे आहे. अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाला. गेल्या चार वर्षांतली सातत्यपूर्ण कामगिरी, नेतृत्व, खिलाडूवृत्ती, शिस्त अशा त्याच्या कसोट्या पुढे ठरत गेल्या, आणि शिफारशी प्रामुख्याने त्या त्या खेळाच्या राष्ट्रीय महासंघांकडून जात. कागदावर या पद्धतीत कुणालाही बंदी नव्हती. पण अपंग खेळाडूंची राष्ट्रीय संघटना, जी पुढे भारतीय पॅरालिंपिक समिती म्हणून ओळखली गेली, ती उभी राहिली १९९०च्या दशकात. म्हणजे १९८२ साली पेटकरांच्या नावाची शिफारस करील असा महासंघच देशात नव्हता. जलतरणाचा महासंघ धडधाकटांचा, त्याच्या राष्ट्रीय स्पर्धांत त्यांच्यासारख्यांना प्रकारच नाही. ज्या घराला दारच ठेवलेले नाही, त्या घरात शिरायला बंदी नाही असे सांगण्यात काही अर्थ नसतो. नियम सर्वांना सारखा होता, हे म्हणणे म्हणूनच टिकत नाही. सारखा नियम आणि सारखी संधी यांत किती अंतर असते, हे १९८२च्या त्या अर्जाने दाखवून दिले. त्या अर्जापुरता बोलणारा माणूस एकटा असला तरी त्याने विचारलेला प्रश्न देशातल्या प्रत्येक अपंग खेळाडूचा होता.

‘उशिरा का होईना’ हे मत मांडणारे इथे एक उदाहरण देतात, आणि ते वजनदार आहे. खाशाबा जाधवांचे काय, असे ते विचारतात. कराडजवळच्या गोळेश्वरच्या या मल्लाने १९५२ साली हेलसिंकीला स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक जिंकले. १९८४ साली अपघातात ते गेले, आणि अर्जुन पुरस्कार त्यांच्या नावे जाहीर झाला तो मृत्यूनंतर दीड दशक उलटल्यावर. पद्म पुरस्कार तर त्यांना हयातीत मिळाला नाही आणि मरणोत्तरही नाही. मग सरकारची अनास्था सर्वांच्याच वाट्याला येते, त्यात अपंगत्वाचा भेदभाव शोधायचे कारण नाही, असा हा युक्तिवाद आहे. खाशाबांवर झालेला अन्याय मला मान्य आहे, आणि तो अजून पुरता दूर झालेला नाही हेही मान्य आहे. पण दोन्ही अन्यायांची जात वेगळी. खाशाबांना विसरणाऱ्यांनीसुद्धा कुस्ती हा खेळ नाही असे कधी म्हटले नाही. त्यांचे कांस्यपदक हे ‘खरे’ पदक आहे की नाही, अशी शंका कुणी घेतली नाही. तिथे विस्मरण होते. पेटकरांच्या बाबतीत नकार होता, आणि तो नकार त्यांच्या कामगिरीला मिळाला त्याहून जास्त त्यांच्या शरीराला मिळाला. विस्मरणावर आठवण करून देणे हा उपाय पुरतो. नकार मागे घ्यायचा तर तो चूक होता असे म्हणावे लागते. २०२५च्या पुरस्काराने आठवण केली. चूक झाली होती, हे मात्र कुठेही म्हटले नाही.

यावर ‘पुरस्कार दिला यातच ते आले’ असे उत्तर मिळते. मला ते पुरेसे वाटत नाही. पेटकरांना २०१८ साली पद्मश्री मिळाली ती खेळ-जलतरण या वर्गात. २०२५चा अर्जुन मिळाला तो जीवनगौरव या वर्गात, पॅरा-जलतरणासाठी. हा जीवनगौरव वर्ग पूर्वीच्या ध्यानचंद पुरस्काराच्या जागी नुकताच आणलेला. दोन्ही वेळा खेळाचे नाव आहे, वर्ष किंवा पदक शोधता येते, पण १९७२ ते २०१८ या ४६ वर्षांत काय घडले याचा मागमूस नाही. उद्या एखादी शाळकरी मुलगी या नोंदी वाचील तेव्हा तिला वाटेल की एका ज्येष्ठ जलतरणपटूचा त्याच्या वयाच्या ऐंशीच्या घरात रीतसर सत्कार झाला. मधल्या काळात या माणसाने मागितले होते, त्याला नाही म्हटले गेले होते, आणि तो नकार त्याने मनातून कधी मान्य केला नव्हता, हे तिला कळणार नाही. सरकारी नोंद हीच पुढे इतिहासाचे साधन होते, त्यामुळे तिच्यात काय येते आणि काय गाळले जाते याला महत्त्व आहे.

आता पॅरा-खेळाडूंच्या पदकांविषयीचा आक्षेप, जो याच सोहळ्याच्या, म्हणजे २०२४ या वर्षासाठीच्या अर्जुन यादीनंतर फार बोलला गेला. त्या यादीत ३२ खेळाडू होते आणि त्यांतले १७ पॅरा-खेळाडू. एवढे कसे, असे लोकांनी विचारले. पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये नुसत्या मैदानी खेळांचे १६४ प्रकार होते, ऑलिंपिकमध्ये ४८, त्यामुळे तिथे पदक मिळणे सोपे असते, असा हिशेब मांडला गेला. आकडे बरोबर आहेत. निष्कर्ष चुकीचा आहे. प्रकार वाढतात ते वर्गीकरणामुळे. पोहण्यात आज शारीरिक अपंगत्वाचे दहा वर्ग आहेत, दृष्टिदोषाचे तीन, बौद्धिक अक्षमतेचा एक. ज्याचे दोन्ही पाय लुळे त्याची शर्यत एका पायाने अधू असलेल्याशी लावली तर कोण जास्त चांगले पोहतो हे कळणार नाही, कुणाला जास्त इजा झाली आहे एवढेच कळेल. म्हणून वर्ग. कुस्ती आणि मुष्टियुद्ध यांत वजनगट असतात ते याच कारणाने. खाशाबांचे पदक बँटमवेटमधले होते, म्हणजे ५७ किलोंपर्यंतच्या मल्लांतले. दीडशे किलोंच्या पैलवानाशी ते लढले नाहीत म्हणून ते पदक हलके, असे म्हणण्याची हिंमत सातारा-सांगलीत कुणी करणार नाही, आणि करूही नये. पेटकर स्वतः आधी मुष्टियोद्धे होते. त्यांचे वजन जोखून गट ठरवणारी पद्धत लष्कराला मान्य, देशाला मान्य, आणि त्याच माणसाची मणक्याची इजा जोखून गट ठरवला की मात्र पदकाचे मोल कमी, हे तर्कात बसत नाही.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. काही वर्गांत स्पर्धकांची संख्या कमी असते, आणि १९७२ साली तर ती आजच्यापेक्षा कितीतरी कमी होती. हायडेलबर्गच्या त्या स्पर्धा मुख्यतः मणक्याच्या इजेने चाकाच्या खुर्चीत बसलेल्यांच्या होत्या. हात-पाय गमावलेले आणि अंध खेळाडू त्यांत आले चार वर्षांनी, टोरंटोला. निवड समितीने एखाद्या पदकामागची चुरस, सहभागी देश, विक्रमाचा दर्जा हे सारे पाहावे, यात गैर काही नाही. धडधाकटांच्या खेळातही हे पाहिलेच पाहिजे, कारण तिथेही चार देश खेळतात अशी सुवर्णपदके मिरवली जातात. पण तोलून पाहणे आणि तराजूतच न घेणे यांत फरक आहे. १९८२ साली पेटकरांचे पदक तोलले गेले नाही. ते तराजूपर्यंत पोचूच दिले नाही. स्पर्धा लहान होती या सबबीला तर आणखी एक उत्तर आहे. त्याच उन्हाळ्यात म्युनिकला ऑलिंपिक होते, आणि पॅरालिंपिकही तिथेच व्हायचे होते. म्युनिकचे क्रीडाग्राम स्पर्धेनंतर घरांसाठी विकासकांच्या ताब्यात जायचे होते, म्हणून अपंग खेळाडूंना हायडेलबर्गच्या विद्यापीठाच्या आसऱ्याला जावे लागले. स्पर्धा लहान राहिली ती जगाने तिला लहान ठेवल्यामुळे. ज्यांना कोपऱ्यात बसवले त्यांनाच ‘तुम्ही कोपऱ्यात का होता’ असे विचारणे न्यायाचे नाही.

आता तिसऱ्या, विचारी आक्षेपाकडे येतो. खेळाचा पुरस्कार खेळापुरता ठेवावा, हक्काची लढाई हे समाजकार्य आहे, तिला वेगळा मान द्यावा. हा आक्षेप खेळाला फार तोकडा समजतो. खेळाचा मूळ करारच असा आहे की रेषेवर उभे राहिल्यावर सगळे सारखे. घड्याळ कुणाचे आडनाव पाहत नाही, टेप कुणाची जात मोजत नाही. हा करार जिथे मोडलेला असतो तिथे तो जोडण्याची मागणी करणारा खेळाडू खेळाबाहेरचे काही मागत नसतो, खेळाने दिलेला शब्दच खेळाला पाळायला सांगत असतो. आपल्या इतिहासात याचा मोठा दाखला पुण्या-मुंबईच्या क्रिकेटमध्येच आहे. पळवणकर बाळू हे त्यांच्या काळातले अव्वल डावखुरे फिरकी गोलंदाज. जातीमुळे त्यांना हिंदू संघाचे कर्णधारपद कधी मिळाले नाही. १९२० साली बाळूंना वगळल्यावर आणि कर्णधारपद डावलले गेल्यावर विठ्ठल आणि शिवराम या भावांनी संघातून अंग काढून घेतले, आणि आपले कारण जाहीरपणे सांगितले. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले. आता ठरवावे, १९२० सालच्या त्या दोघांच्या कृतीला समाजकार्य म्हणायचे की क्रिकेट? त्या कृतीने भारतीय क्रिकेटमध्ये गुणवत्तेच्या बाजूने जो बदल घडवला, तो एखाद्या शतकाने घडवला नसता. क्रिकेटचा इतिहास लिहिणाऱ्याला ती गाळून पुढे जाता येत नाही. मग पुरस्कार देणाऱ्याला ती का गाळता यावी?

जगात इतरत्र हे मान्य झालेले आहे. अमेरिकेच्या बिली जीन किंग यांनी १९७२ साली यूएस ओपन जिंकली तेव्हा त्यांना १० हजार डॉलर मिळाले आणि पुरुषांचे विजेते इली नस्तासे यांना २५ हजार. पुढच्या वर्षी खेळणार नाही, असा इशारा त्यांनी दिला, आणि १९७३ साली त्या स्पर्धेत दोघांचे बक्षीस सारखे झाले. विम्बल्डनला तिथवर पोचायला २००७ उजाडले. २००९ साली राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी त्यांना प्रेसिडेंशियल मेडल ऑफ फ्रीडम हा तिथला सर्वोच्च नागरी सन्मान दिला, आणि तो देताना टेनिसइतकाच समान हक्कांचा त्यांचा लढाही उघडपणे मोजला. विजेतेपदे एका कागदावर आणि लढा दुसऱ्या कागदावर, अशी विभागणी केली नाही. तो नागरी सन्मान होता, क्रीडा पुरस्कार नव्हता, असे कुणी म्हणेल. बरोबर आहे. आपल्याकडे त्या जागी पद्म पुरस्कार आहेत, आणि पेटकरांना तो मिळालाही आहे. तिथे तर क्षेत्राचे कुंपण आणखी सैल असायला हवे होते. तिथेही नोंद झाली ती नुसत्या जलतरणाची.

इथे एक खोचक प्रश्न विचारला जातो. बिली जीन किंग यांनी खेळाडूंची संघटना काढली, चळवळ चालवली. पेटकरांनी काय चालवले? ते काही मोर्च्याचे पुढारी नव्हते, त्यांनी स्वतःसाठी पुरस्कार मागितला, एवढेच ना? पेटकर वक्ते नव्हते, संघटक नव्हते, हे खरे आहे. पण स्वतःसाठी मागितले म्हणून मागणी लहान ठरत असेल तर किंग यांचे १५ हजार डॉलरही त्यांचे स्वतःचेच होते, आणि विठ्ठल-शिवराम यांचा रागही सख्ख्या भावासाठीच होता. समान हक्काच्या जवळपास सगळ्या लढाया कुणा एकाच्या नावावर झालेल्या नकारापासून सुरू होतात. पेटकरांच्या बाबतीत तर काळ पाहायला हवा. अपंग व्यक्तींच्या समान संधीचा पहिला कायदा देशात झाला १९९५ साली. त्याच्या १३ वर्षे आधी, कायद्याचा आधार नाही, संघटनेचा पाठिंबा नाही, पॅरा-खेळाडू हा शब्दही रुळलेला नाही, अशा वेळी एका निवृत्त जवानाने देशाला विचारले की जो पुरस्कार इतरांना देता तोच मला का नाही. त्याने वेगळा, अपंगांसाठीचा पुरस्कार मागितला नाही. सवलत मागितली नाही. त्याच रांगेत उभे राहू द्या, एवढेच मागितले. पुढे कायद्याने जे तत्त्व स्वीकारले ते याहून वेगळे काय आहे?

आणि हा आग्रह एका अर्जापुरताही नव्हता. युद्धात जायबंदी झालेल्या सैनिकाला समाज सहानुभूती द्यायला तयार असतो, रोजगार द्यायला तितका तयार नसतो. पेटकरांनी पिंपरीच्या टेल्कोत, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समध्ये, नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाले. पिंपरी-चिंचवडच्या वाचकाला या वाक्याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. हे शहर पाळीवर, हजेरीवर, पगाराच्या पावतीवर उभे आहे. इथे माणसाची ओळख त्याच्या कामावरून होते, आणि कामावर जाणाऱ्याची कुणी कीव करत नाही. अंगावर गोळ्यांच्या खुणा आणि घरात विश्वविक्रमाचे पदक असलेला माणूस या गावात कामगार म्हणून जगला, मदतीवर जगला नाही, ही गोष्ट त्याच्या पदकाइतकीच बोलकी आहे. त्यांच्या शहराने तरी त्यांच्याकडे ‘प्रेरणादायी कहाणी’ म्हणून पाहायचे थांबवावे. प्रेरणा घेऊन माणूस टाळ्या वाजवतो आणि घरी जातो. हक्क मान्य केला की काहीतरी बदलावे लागते.

शेवटचा मोठा आक्षेप राजकारणाचा. हक्कासाठी झगडणाऱ्या खेळाडूला त्या झगड्याबद्दल पुरस्कार द्यायला लागलो तर सरकारच्या मर्जीतले झगडे गौरवले जातील, गैरसोयीचे दडपले जातील, असे म्हटले जाते. धोका खरा आहे. पण पुरस्कार आजही काही निर्मळ पाण्यातून येत नाहीत, आणि ते बोलत नाहीत असेही नाही. डिसेंबर २०२३मध्ये मल्ल बजरंग पुनियाने आपली पद्मश्री दिल्लीच्या पदपथावर ठेवली, विनेश फोगटने खेलरत्न आणि अर्जुन कर्तव्यपथावर ठेवले. महिला खेळाडूंच्या सुरक्षिततेचा प्रश्न त्यांना त्या धातूच्या तुकड्यांवाचून तितक्या जोराने मांडता आला नसता. पुरस्कार परत करण्यातून हक्काची भाषा बोलता येते, हे सगळ्यांना कळते. मग देण्यातून ती बोलू नये, हा नियम कुणी घातला? मर्जीचा धोका टाळायचा उपाय निकष लिहून काढण्यात आहे, निकषच नसण्यात नाही. आजच्या नियमांत नेतृत्व आणि खिलाडूवृत्ती हे शब्द आहेतच. त्यांचा अर्थ कुणी सांगितलेला नाही, म्हणून ते गुणांच्या बेरजेत शोभेला उरले आहेत. जीवनगौरवाच्या वर्गात तरी स्पष्ट लिहावे की आपल्या खेळात ज्यांना प्रवेश नव्हता त्यांच्यासाठी दार उघडण्यात खेळाडूचा वाटा काय, हे पाहिले जाईल, आणि मानपत्रात ते नमूद होईल. यात सरकारला स्वतःच्या जुन्या नकारांचीही नोंद करावी लागेल. ती करण्याची तयारी हीच या निकषाची खरी परीक्षा आहे.

पेटकरांच्या नकारानंतर जे घडले त्याने त्यांचे म्हणणे खरे ठरवले, हेही या मानपत्रात यायला हवे. १९८४ साली पॅरालिंपिकमध्ये भीमराव केसरकरांनी भालाफेकीत रौप्यपदक आणले, जोगिंदरसिंग बेदींनी एकाच स्पर्धेत तीन पदके आणली. मग २००४पर्यंत, म्हणजे देवेंद्र झाझरियाच्या अथेन्सच्या सुवर्णापर्यंत, दुष्काळ. मधल्या वीस वर्षांत देशात ताकदीची, जिद्दीची अपंग माणसे जन्माला येत नव्हती असे थोडेच आहे. सरावाची जागा नव्हती, प्रशिक्षक नव्हते, आणि पदक आणले तरी देश ते पदक मानील की नाही याचीही खात्री नव्हती. खात्री मिळाल्यावर काय होते ते २०२४ साली पॅरिसला दिसले. ऑलिंपिकमध्ये आपली पदके सहा, सुवर्ण एकही नाही. पॅरालिंपिकमध्ये २९, त्यांत सात सुवर्ण. आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारीने गोळाफेकीत रौप्यपदक जिंकले आणि पेटकरांना जीवनगौरव मिळाला त्याच सोहळ्याच्या यादीत अर्जुनसाठी त्याचेही नाव होते. दोघेही सांगली जिल्ह्याचे. एकाला पदकानंतर अर्जुनपर्यंत पोचायला ५२ वर्षे लागली, दुसऱ्याला काही महिने. या दोन आकड्यांमधले अंतर आपोआप कमी झालेले नाही. ज्यांनी नकार पचवून टाकला नाही, त्यांनी ते कमी केले.

आणि हे अंतर पुरते मिटले आहे असेही कुणी समजू नये. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचे ३०वे कलम खेळाविषयी आहे. क्रीडा सुविधांची रचना दिव्यांगांना वापरता येईल अशी बदलावी, असे त्यात शासनाला बजावले आहे. पिंपरी-चिंचवड महापालिकेने जानेवारी २०२५मध्ये चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये दिव्यांगांचा ‘पर्पल जल्लोष’ हा महोत्सव भरवला. चांगले केले. महोत्सव तीन दिवसांचा असतो, तलाव बारा महिने चालतो. म्हणून शहरातल्या प्रत्येक तलावाच्या काठावर उभे राहून काही साध्या गोष्टी तपासाव्यात. पाण्यात उतरायला फक्त उभी लोखंडी शिडी आहे की कठडा धरून उतरता येईल अशा रुंद, उथळ पायऱ्या आहेत? चाकाच्या खुर्चीतून उचलून अलगद पाण्यात सोडणारा पाळणा आहे का, आणि असेल तर तो चालवणारा माणूस सकाळच्या पाळीला हजर असतो का? कपडे बदलायच्या खोलीच्या दारातून खुर्ची आत जाते का? तिकिटाच्या खिडकीवर ‘तुम्हाला जमणार नाही, जबाबदारी कोण घेणार’ असे उत्तर मिळत नाही ना? पेटकरांचे नाव एखाद्या चौकाला, कमानीला किंवा स्पर्धेला देण्याचे ठराव सहज होतात. ज्या तलावात कमरेखाली लुळा असलेला माणूस कुणाच्या उपकाराशिवाय उतरू शकतो, त्या तलावाला त्यांचे नाव द्यावे, आणि तोवर देऊ नये.